नऊ नंबर परत यायचं म्हणायलाय, काय करावं?

गोदाकाठचा_गोली

मंडळी, रविवारी आमच्या संघाची बैठक आहे आणि निर्णयाचं घोंगडं माझ्या गळ्यात आलंय, म्हणून हा धागा. गावाचं नाव लिहीत नाही. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव समजा. क्रिकेटच्या गावात फुटबॉल खेळणारे आम्ही पंचवीस-तीस जण, नाव लिहिलं की माणूस लगेच ओळखू येईल.

त्याला इथं नऊ नंबर म्हणू, कारण गावातही अर्धे लोक तसंच म्हणतात. एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी, वय ४१. विद्यापीठाच्या संघातून खेळला, मग आमच्याकडं सोळा वर्षं. बॉक्सच्या कडेला गोलकडं पाठ करून उभा राहायचा, बॉल छातीवर घ्यायचा आणि वळायचा. वळून होईपर्यंत बॅक मागं राहिलेला असायचा. मी त्याच्या संघात अकरा वर्षं गोलमध्ये उभा राहिलो. त्याचं तोंड मी कमी बघितलंय, पाठ जास्त.

तीन वर्षांखाली तो थांबला. शाल, नारळ, फेटा, फ्लेक्स, सगळं झालं. नऊ नंबरची जर्सी काचेच्या चौकटीत घालून त्याला दिली. आता १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, शेजारच्या तालुक्यात स्पर्धा आहे. मागच्या आठवड्यात तो घरी आला, चहा अर्धाच ठेवला आणि म्हणाला, "गोली, मला खेळायचंय. माझा नंबर मला दे."

नंबर आता एका १९ वर्षांच्या पोराकडं आहे. आयटीआयला जातो. यंदा आमचे जेवढे गोल झाले त्यातले निम्मे त्याचे. पोरगं शांत आहे, काही म्हणणार नाही. तेच मला जड जायलंय.

कमिटीत सात जण. तिघं म्हणतात घ्या, तिघं म्हणतात नको. सातवा मी.

पैठणगेट

ह्यात विचारायचं काय मियाँ? सुनील छेत्री बघा. निवृत्त झाला, परत आला, आल्या आल्या गोल मारला. देशाला चालतं, तुमच्या तालुक्याला चालत नाही?

हुरडा_पार्टी

४१ वय आणि एसटीचं वर्कशॉप. गुडघ्याला स्पेअर पार्ट तरी घरचेच मिळतील.

निवृत्त_शिट्टी

पैठणगेट, उदाहरण अर्धंच दिलंत. मी वीस वर्षं मैदानावर शिट्टी वाजवली, अर्धी तक्रार ऐकून कार्ड काढायची सवय नाही मला.

छेत्रीनं १६ मे २०२४ ला निवृत्ती जाहीर केली आणि ६ जूनला कोलकात्यात कुवेतविरुद्ध शेवटचा सामना खेळला. ०-०. तोवर १५१ सामने, ९४ गोल. ही निवृत्ती फक्त भारताच्या संघातून होती, बंगळूरु क्लबकडून तो खेळतच होता. आयएसएलच्या, म्हणजे देशातल्या क्लबांच्या लीगच्या, त्या पुढच्या हंगामात त्यानं १४ गोल केले, भारतीय खेळाडूंमध्ये सगळ्यांत जास्त. तिकडं भारताच्या संघाला गोल सापडेना. तेव्हा प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी त्याला बोलावलं. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवला ३-० हरवलं, तिसरा गोल ह्याचा. वय ४० वर्षं ७ महिने. लोक इथवरच सांगतात. सहा दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेशाशी ०-० झालं ते कुणी सांगत नाही.

म्हणजे दोन गोष्टी. त्याला बोलावणं आलं होतं, आणि बोलावणं आलं तेव्हा तो रोज खेळत होता. तुमच्या नऊ नंबरला कुणी बोलावलं? आणि तीन वर्षं तो कुठं खेळला?

गोदाकाठचा_गोली

बोलावलं कुणीच नाही. खेळणं म्हणाल तर सुट्टीच्या दिवशी पोरांबरोबर टाइमपास. पण पहाटे कॅनॉलच्या रस्त्यानं पळताना दिसतो, सहा महिन्यांपासून. मला वाटलं डॉक्टरनं शुगरसाठी सांगितलं असेल.

डावा_पाय_लातूर

गोली दादा, पोराला विचारलं का?

"शांत आहे, काही म्हणणार नाही" हे वाक्य वाचून मला राहवलं नाही. मी लातूरला शाळेच्या मुलींना फुटबॉल शिकवते. तीन वर्षांखाली एका स्पर्धेला आमची एक जुनी खेळाडू कॉलेजातून परत आली. खेळ चांगला, नाव मोठं, मीही खूश. तिच्यासाठी मी नववीतल्या एका मुलीला बसवलं. ती मुलगी काहीच बोलली नाही. पाण्याच्या बाटल्या भरून आणल्या, टाळ्या वाजवल्या. सामना जिंकलो. पुढच्या सोमवारपासून ती आली नाही. घरचे आधीच "बास झालं आता ते खेळणं" म्हणून मागं लागले होते, त्यांचं काम मी सोपं केलं.

अजूनही बाजारात दिसते कधी कधी. नमस्कार करते. मला फार अवघड होतं.

पैठणगेट

ताई, बात सही है. पण म्हाताऱ्या वाघाला पण कुणी विचारावं की नाही? रॉजर मिला बघा. १९९० च्या वर्ल्डकपला ३८ वय, राष्ट्रीय संघ सोडून रियुनियन नावाच्या बेटावर खेळत होता. कॅमेरूनच्या राष्ट्राध्यक्षांनी स्वतः गळ घातली. इटलीत जाऊन चार गोल, प्रत्येक गोलनंतर कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी नाच. कॅमेरून उपांत्यपूर्व फेरीत. चार वर्षांनी अमेरिकेत ४२ व्या वर्षी परत एक गोल. शिट्टी साहेब, आता म्हणा की ह्यालाही बोलावणं होतं.

निवृत्त_शिट्टी

म्हणतोच. बोलावणं होतंच, तेही राष्ट्राध्यक्षाचं. आणि इटलीत तो प्रत्येक सामन्यात बाकावरून उठून आला, सुरुवातीच्या अकरात कुणाचीच जागा घेतली नाही. आणि ४२ व्या वर्षीचा तो गोल ज्या सामन्यात झाला तो रशियानं ६-१ जिंकला, एकट्या सालेंकोचे पाच गोल. नाच लक्षात राहतो, स्कोअर नाही.

औंढा_एक्सप्रेस

क्रिकेटचं काही असेल तर सांगा, नाहीतर झोपतो.

हुरडा_पार्टी

झोपा.

बे_एरिया_बीडकर

मूळ गाव बीड, सध्या अमेरिकेत. इथल्या फुटबॉलला पाय क्वचितच लागतो, नाव कुणी ठेवलं देव जाणे. पण तुमची गोष्ट इथं हुबेहूब घडून गेलीय, म्हणून सविस्तर लिहितो.

ब्रेट फार्व म्हणून एक क्वार्टरबॅक होता. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातातून बॉल सगळीकडं जातो तो. १९९२ पासून ग्रीन बे पॅकर्सकडून १६ हंगाम. ग्रीन बे म्हणजे लाखभर वस्तीचं गाव, आपल्या नांदेडपेक्षा कितीतरी लहान. संघाला कुणी शेठ मालक नाही, लोकांनीच शेअर घेतलेत. आपल्या गणेश मंडळासारखं: मालकी सगळ्यांची आणि अक्कलही सगळ्यांची.

मार्च २००८ मध्ये त्यानं रडत रडत निवृत्ती जाहीर केली. वय ३८. जुलैत म्हणाला, मला परत यायचंय. तोवर संघानं आरन रॉजर्स नावाच्या पोराला जागा देऊन टाकली होती. हे पोरगं तीन वर्षं बाकावर बसून वाट बघत होतं. संघ म्हणाला, आता नाही. फार्व विमानानं थेट गावात येऊन उतरला. गावाचे दोन तट पडले. रॉजर्सनं काहीच केलं नव्हतं, तरी सरावात लोकांनी त्याचीच हुर्यो उडवली. शेवटी ऑगस्टमध्ये फार्वला न्यूयॉर्क जेट्सला देऊन टाकलं. वर्षभरानं तो मिनेसोटा वायकिंग्जकडं गेला, म्हणजे थेट बांधाला बांध असलेल्या भावकीत, आणि त्या हंगामात पॅकर्सला दोन्ही वेळा हरवलं.

पुढं रॉजर्सनं फेब्रुवारी २०११ मध्ये पॅकर्सला सुपर बोल, म्हणजे तिथला सगळ्यांत मोठा किताब, जिंकून दिला, तेव्हा संघ बरोबर होता असं सगळे म्हणायला लागले. (त्याच रॉजर्सला संघानं २०२३ मध्ये जेट्सकडंच पाठवलं, ते वेगळं.) फार्वचा ४ नंबर २०१५ मध्ये मानानं कायमचा राखून ठेवला. राग निवायला सात वर्षं लागली.

एक गोष्ट मात्र राहून जाते. फार्वचं म्हणणं होतं की मला मार्चमध्येच ठरवायला भाग पाडलं, तेव्हा थकलेलो होतो, घाई केली नसती तर मी नाही म्हणालो नसतो. खरंखोटं त्यालाच माहीत. पण गोली, तुमच्याकडं निवृत्ती कुणी ठरवली होती? त्यानं का तुम्ही?

उदगीर_युनायटेड

लै भारी लिहिलंत बीडकर. भावकीचं तर पटलंच. नेदरलँड्सच्या क्रॉयफचंही तसंच. १९८१ मध्ये आपल्या जुन्या क्लबला, अयाक्सला, परत आला, पहिल्याच सामन्यात गोलीच्या डोक्यावरून अलगद बॉल टाकला. १९८३ ला अयाक्सनं करार वाढवला नाही, म्हातारा झाला म्हणून. हा पठ्ठ्या सरळ फेयेनूर्दला गेला, कट्टर वैऱ्याकडं, आणि त्यांना त्याच हंगामात लीग पण जिंकून दिली आणि कप पण. गोली, नको म्हणताना शेजारच्या तालुक्याची जर्सी कोणत्या रंगाची आहे तेवढं बघून घ्या.

तालीमवाला

आमच्याकडं हा प्रश्नच येत न्हाई. लंगोट एकदा खुंटीला टांगला की पैलवान वस्ताद होतो. आखाड्यात तरी पण रोज उतरतो, माती तीच, तेल तेच, पोरांना धरतो, पाडतो, पडून घेतो. फक्त जोड लावत न्हाई. वस्तादाजवळ राखून ठेवलेला एक डाव असतो, त्यापायी पोरं त्याला मान देतात. तुमच्या फुटबॉलात थांबलेल्या माणसाला नारळ देतात आन् घरी लावून देतात. घरी बसून तो काय करंल? कॅनॉलवर पळंल.

त्याला तुम्ही तीन वर्षं मैदानावर काही काम दिलतं का?

गोदाकाठचा_गोली

नाही.

सांधे_आणि_स्नायू

मी छत्रपती संभाजीनगरला फिजिओथेरपी करते. भावना बाजूला ठेवून थोडं शरीराचं बोलते.

कॅनॉलच्या रस्त्यानं पळणं आणि फुटबॉल ह्यांत फार फरक आहे. सरळ एका लयीत पळून दम वाढतो. फुटबॉलला लागतं ते थांबणं, वळणं आणि दहा मीटर एकदम सुटणं. चाळिशीनंतर पहिल्यांदा जाते ती ही सुटण्याची ताकद, कारण झटक्यानं आकसणारे स्नायूतंतू वयाबरोबर कमी होतात आणि बारीक होतात. मांडीच्या मागची शीर आणि टाचेच्या वरची जाड शीर, परत येणाऱ्यांच्या ह्या दोन जागा हमखास जातात. माझ्याकडं दरवर्षी दिवाळीनंतर असे लोक रांगेत असतात: सुट्टीला गावी गेले, जुने मित्र भेटले, "एक मॅच होऊन जाऊ दे."

त्यात तुमचं मैदान काळ्या मातीचं असेल. मे महिन्यात त्याला भेगा असतात, पाय घोट्यातून मुरगळतो. सप्टेंबरात चिखल. बुटाला किलोभर माती चिकटते, स्टड रुततो, शरीर वळतं आणि पाय जागेवर राहतो. गुडघ्यातला आडवा-तिडवा लिगामेंट तुटायला एवढं पुरतं. त्याची नोकरी गाडीखाली वाकून करायची आहे, हेही ध्यानात घ्या. गुडघा गेला तर स्पर्धा एका दिवसाची आणि हजेरीचा प्रश्न वर्षभराचा.

खेळू नका असं मी म्हणत नाही. एका पायावर उभं राहून दहा वेळा खाली बसून उठता येतं का, एका पायानं उडी मारून त्याच पायावर स्थिर उतरता येतं का, दोन्ही पाय सारखे चालतात का, एवढं बघा. आणि नव्वद मिनिटं नाही. पंधरा-वीस मिनिटं, तीही आधी नीट अंग गरम करून.

निजामाबाद_पॅसेंजर

विषय थोडा सोडून लिहितो, वय झालंय, माफ करा. आमचे वडील मानवतचे. आपला मुलूख हैदराबाद संस्थानात होता, १७ सप्टेंबर १९४८ नंतरही १९५६ पर्यंत राज्य हैदराबादच. मीटरगेजनं निजामाबादवरून हैदराबादला जायचे आणि फुटबॉल बघून यायचे. हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ तेव्हा असा होता की मुंबईचा रोव्हर्स कप त्यांनी १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं घेतला. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, मूळचे शिक्षक. त्यांच्याच हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला चौथा आला आणि १९६२ ला जकार्ताला आशियाई सुवर्ण जिंकला. तेव्हा रहीमसाहेबांना कॅन्सर होता, पुढच्या जूनमध्ये ते गेले. मराठवाड्यात फुटबॉल आलं कुठून विचारणाऱ्यांना मी हेच सांगतो, आपण त्या घरचेच आहोत.

वडील शेवटपर्यंत म्हणायचे की रहीमसाहेब पायांतल्या बॉलपेक्षा रिकाम्या जागेकडं बघायला शिकवायचे. तुमच्या नऊ नंबरची रिकामी जागा कोणती, हे त्याला विचारून बघा.

पैठणगेट

चाचा, तुम्ही रोज लिहीत जा.

गोदाकाठचा_गोली

बीडकर, तुमचा तो शेवटचा प्रश्न दोन दिवस डोक्यातून जाईना. आता खरं काय ते लिहितो. इथं कुणी मला ओळखत नाही म्हणून लिहायला जमायलंय.

निवृत्ती त्यानं ठरवली नव्हती.

तेव्हा त्याचा घोटा दुखत होता, दोन सामने बसून होता. बैठकीत कुणीतरी म्हणालं, आता बास झालं त्याचं, मानानं निरोप देऊन टाकू. तसंही बक्षीस वाटपाला पाहुणे येणार होते, मंडप होताच, दोन्ही एकात उरकतील. फ्लेक्स छापायला मीच दिला, चार दिवस आधी. त्याला सांगितलं फक्त "सत्कार आहे, ये." त्याला वाटलं सोळा वर्षांबद्दल असेल. आणि माईकवर मी म्हणालो, "आज आपला नऊ नंबर निवृत्त होतोय." टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर कोण नाही म्हणतं?

काल रात्री ते फोटो परत काढून बघितले. सगळे कॅमेऱ्याकडं बघतात, तो एकटाच मान वळवून फ्लेक्सकडं बघतोय. हातात नारळ. म्हणजे त्यानं ते तिथंच पहिल्यांदा वाचलं. तीन वर्षं तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे आणि मी त्यात फक्त माझा फेटा बघत होतो.

आज संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिलं. भिंतीवर काचेची चौकट होती, पण रिकामी. मागं न्हाणीपाशी दोरीवर नऊ नंबरची जर्सी वाळत घातलेली.

मी म्हणालो, माझं चुकलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "घोटा महिन्यात बरा झाला होता, गोली. मी ग्राउंडवर आलो तर पोरं काका काका करत पाया पडायला लागली. पाया पडल्यावर त्यांना पास कसा मागायचा?"

नंबराचं विचारलं तर हसला. "नंबर नको रे. शंभर मागितले की पन्नास मिळतात म्हणून मागितला. ही तर चौकटीत कुबट वास यायलता म्हणून धुतली."

डावा_पाय_लातूर

दादा, हे लिहिलंत, बरं केलंत.

पोराला अजून विचारलेलं दिसत नाही.

गोदाकाठचा_गोली

विचारलं ताई. आजच, आयटीआयच्या गेटवर. मी गोल गोल बोलत होतो, त्यानंच मुद्द्यावर आणलं. म्हणाला, "काका मागून पास देणार असतील तर येऊ द्या की. आपल्याकडं बॉल धरून ठेवणारं कोण आहे? पण नऊ माझ्याकडंच राहू द्या. आईनं आतल्या बाजूनं माझं नाव शिवलंय."

शांत पोरगं म्हणे. मला वाटतं त्याला आजवर कुणी प्रश्नच विचारला नव्हता.

उदगीर_युनायटेड

आता ऐका, ही गोष्ट खास राखून ठेवली होती, तालीमवाल्यांच्या वस्तादासारखी.

पॉल स्कोल्स. मँचेस्टर युनायटेड. मे २०११ मध्ये थांबला आणि क्लबातच राखीव संघातल्या पोरांना शिकवायला लागला. म्हणजे मैदान सोडलंच नाही. सहा महिन्यांत प्रशिक्षक फर्ग्युसनला जाऊन म्हणाला, मला खेळायचंय. मिडफिल्डमध्ये दुखापती होत्याच, साहेब हो म्हणाले. कुणाला पत्ता लागू दिला नाही. ८ जानेवारी २०१२ ला शेजारच्याच मँचेस्टर सिटीविरुद्ध एफए कपचा सामना, स्कोल्सचं नाव राखीव खेळाडूंत. सोबतच्या खेळाडूंनाही ड्रेसिंग रूममध्ये त्याची जर्सी लटकलेली बघून कळलं.

आता नंबर बघा. त्याचा वर्षानुवर्षांचा नंबर १८. तोवर तो ॲशली यंगला देऊन झाला होता. स्कोल्सनं मागितला नाही. २२ घातला.

आणि हेही सांगतो, नाहीतर शिट्टी साहेब सांगतील: दुसऱ्या अर्ध्यात आत आला आणि त्याच्याच चुकलेल्या पासवरून सिटीचा दुसरा गोल झाला. तरी युनायटेड ३-२ जिंकलं. त्या वर्षी लीग गोलफरकानं गेली, पुढच्या वर्षी जिंकली, आणि मग तो खरंच थांबला.

निवृत्त_शिट्टी

चुकलेला पास मी सांगणारच होतो.

आता कामाचं. स्पर्धेच्या नियमात खेळाडूंची यादी कधीपर्यंत द्यायची ते आजच बघा. गावच्या स्पर्धांमध्ये भांडणं गोलवरून कमी आणि यादीवरून जास्त होतात. यादीत नाव आणि नंबर जसा लिहाल तसाच मैदानावर दिसला पाहिजे. एका संघात दोन नऊ चालत नाहीत, हे मला एकदा एका सरपंचांना अर्धा तास समजवावं लागलं होतं.

बे_एरिया_बीडकर

आणखी एक सुचवू? पेले. १ ऑक्टोबर १९७७, शेवटचा सामना, कॉसमॉस विरुद्ध सँटोस, त्याचे दोन्ही क्लब. पहिला अर्धा कॉसमॉसकडून खेळला, फ्री किकवर गोल मारला. दुसऱ्या अर्ध्यात जर्सी बदलून सँटोसकडून. आठवडाभर आधीच तो कोलकात्यात मोहन बागानशी २-२ खेळून गेला होता. तुम्हीही असा एक जुने विरुद्ध नवे सामना ठेवा, त्याला खरा निरोप मिळेल.

तालीमवाला

निरोप? पुन्हा निरोपच? त्यो माणूस आत्ताशी यायलाय, तुम्ही मंडपाचं भाडं ठरवायलात.

हुरडा_पार्टी

तालीमवाल्यांना माझ्याकडून एक पायली हुरडा.

गोदाकाठचा_गोली

बैठक झाली. सांगतो.

आधी भांडण झालं, ते सोडून देतो. एक जण उठून गेला, उद्या चहाला येईल. फ्लेक्सचं मी सगळ्यांसमोर सांगितलं. दोघं म्हणाले आम्हाला माहीतच नव्हतं, एक म्हणाला मला माहीत होतं. तो जास्त वेळ खाली बघत होता.

ठरलं ते असं. नाव यादीत, बाकावर. शेवटची वीस मिनिटं, गरज पडली तर, आणि तीही स्ट्रायकर म्हणून नाही, पोराच्या मागं. फिजिओ ताईंनी सांगितलेलं एका पायावर बसून उठणं त्याच्याकडून करून घेतलं. उजवा दहा, डावा सातवर डगमगला. डाव्याचा सराव रोज चालू आहे. गाडीखालून बाहेर आला की वर्कशॉपच्या खांबाला धरून करतो म्हणे, सोबतचे मेकॅनिक मोजतात.

आणि मंगळवार-गुरुवार संध्याकाळी तो पोरांचा सराव घेणार. वळून बॅकला मागं टाकायची ती गोष्ट पोराला शिकवायला लागलाय. पहिल्या दिवशी पोरगं तीनदा पडलं. चौथ्यांदा वळलं आणि हा पडला. दोघंही चिखलात, आणि आम्ही कडेला उभं राहून हसतोय.

परवा त्यानं पोरांना एक ताकीद दिली: ग्राउंडवर पाया पडायचं नाही, पास द्यायचा.

डावा_पाय_लातूर

माझ्या त्या मुलीच्या घरी आज जाऊन आले. ती आता बारावीला आहे. खेळणार नाही म्हणाली, अभ्यास आहे. पण लहान मुलींच्या सामन्याला लाइनवर झेंडा घेऊन उभी राहीन म्हणाली. शिट्टी साहेब, तिला नियम शिकवायला फोनवर वेळ द्याल का?

निवृत्त_शिट्टी

रविवारी सकाळी १० नंतर कधीही. ऑफसाइडपासून सुरू करू, ते आलं की बाकी सोपं आहे.

पैठणगेट

गोली मियाँ, नंबर कोणता दिला ते सांगितलंच नाही.

गोदाकाठचा_गोली

२२. उदगीरकरांची गोष्ट त्याला वाचून दाखवली, खूश झाला. म्हणाला, तो पास चुकला तरी जिंकले ना, मग चालतंय.

पण अडचण झालीय. जर्सी छापणाऱ्याकडं चिकटवायचे आकडे आहेत, त्यात २ एकच शिल्लक. दुसरा २ नांदेडहून मागवलाय. उद्याच्या सकाळच्या एसटीनं कंडक्टरच्या हाती येणार. नऊ नंबर म्हणाला, गाडीची काळजी करू नका, ती बंद पडली तर मीच जाऊन चालू करतो.

सांधे_आणि_स्नायू

गाडीखाली घाईनं वाकू नका म्हणावं.

औंढा_एक्सप्रेस

सामना किती वाजता? मी येतो. क्रिकेट काय रोजचंच आहे.

गोदाकाठचा_गोली

१७ ला, सकाळी झेंडावंदन, मग शाळांचे कार्यक्रम, आपला सामना दुपारी ४ ला. बसायला पत्र्याचं शेड आहे, लवकर या. पाऊस आला तरी खेळणार.

हुरडा_पार्टी

त्या चिखलात २२ दिसणार कुणाला?

गोदाकाठचा_गोली

मला दिसंल. पाठच तर बघितलीय अकरा वर्षं.